ई-मेलचा लखोटा कसा वाचावा?

टपालाने आलेले पत्र हाती पडले की जाणता मनुष्य प्रथम पाकीट निरखून पाहतो. आतील मजकूर लिहिणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे असतो. पाकिटावरील शिक्का मात्र टपालखात्याने मारलेला असतो. ई-मेललाही असे शिक्के असतात. त्यांच्या समूहास ‘हेडर’ म्हणतात. एखादा ई-मेल ‘स्पॅम’ ठरून अडविला गेला, तर त्याचे कारण पुष्कळदा ह्या हेडरमध्येच सापडते.

हा विषय केवळ कुतूहलाचा नव्हे. आमच्या सुरत शहरात उधना, लिंबायत ह्या भागांतील मराठी कुटुंबांची मुले आज प्रवेशाचे व नोकरीचे अर्ज ई-मेलनेच पाठवितात. मुलाखतीचे बोलावणे स्पॅमच्या पेटीत पडून राहिले, तर संधी हातची जाते. आणि जीमेलमध्ये त्या पेटीतील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नाहीशी होतात.

मुळात अशी अडवणूक का करावी लागते? ई-मेल पोचविण्याचे नियम जोनाथन पोस्टेल ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये शब्दबद्ध केले. त्या काळी संगणकांचे जाळे लहान होते व ते वापरणारी मंडळी बहुतेक परस्परांच्या परिचयाची होती. त्यामुळे ‘प्रेषक’ म्हणून लिहिलेले नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार. लबाडांनी ह्याचा लाभ घेतला, आणि पुढे तपासणीच्या तीन रीती निर्माण झाल्या.

हेडर पाहण्यासाठी संगणकावर जीमेलमधील ते पत्र उघडावे, बाजूच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारावी आणि ‘शो ओरिजिनल’ निवडावे. ओळींची गर्दी पाहून गोंधळू नये. ‘रिसीव्ह्ड’ ह्या शब्दाने आरंभ होणाऱ्या ओळी म्हणजे वाटेतील टपालकचेऱ्यांचे शिक्के होत. प्रत्येक नवा शिक्का आधीच्या शिक्क्याच्या वर बसतो. म्हणून प्रवास खालून वर वाचावा. मात्र सर्वांत खालचे शिक्के लबाडाने स्वतःच रचलेले असू शकतात. आपल्या स्वतःच्या टपालसेवेने मारलेला वरचा शिक्काच पूर्ण विश्वासाचा. वेळांतील अंतरानेही भिऊ नये. सुरतेची सकाळची १० ची वेळ +०५३० ह्या खुणेने दाखवितात. तोच क्षण -०८०० ह्या खुणेच्या प्रदेशात आदल्या रात्रीचा साडेआठचा असतो.

त्यानंतर ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ शोधावी. तीत तिन्ही तपासण्यांचा निकाल दिलेला असतो. पहिली एस.पी.एफ. आमच्या नावाने कोणत्या संगणकांनी पत्रे पाठवावीत, ह्याची यादी प्रत्येक संस्था जाहीर करू शकते. पत्र त्या यादीतील संगणकाकडून आले काय, हे येथे पाहतात. दुसरी डी.के.आय.एम., म्हणजे गणिताने केलेली मोहोर. सुरतेच्या सराफाची हुंडी परगावच्या पेठेत वटत असे, ती तेथील आडत्या सही ओळखीत असे म्हणून. ही मोहोरही तशीच ओळखली जाते, आणि मोहोरबंद मजकुरात वाटेत फेरफार झाला तर ती जुळत नाही. तिसरी डी.एम.ए.आर.सी. पहिल्या दोहोंत सिद्ध झालेले नाव वाचकास दिसणाऱ्या नावाशी जुळते काय, हे ती पाहते. न जुळल्यास पत्राचे काय करावे, ह्याची संस्थेने दिलेली सूचनाही तीत असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, उधन्यातील एका कापड-व्यापाऱ्याने बिले पाठविण्याचे काम नव्या कंपनीकडे सोपविले. पण तिचे संगणक आपल्या यादीत घातले नाहीत, मोहोरेचीही व्यवस्था केली नाही. जळगावच्या ग्राहकाचे बिल स्पॅममध्ये जाऊन पडले. व्यापारी बिलाची भाषा बदलून थकला, परंतु उपयोग शून्य. हेडरमध्ये मात्र तिन्ही निकालांपुढे ‘पास’ हा शब्द कोठेच नव्हता. दोष मजकुराचा नव्हता, यादीचा होता. यादी दुरुस्त करून मोहोरेची सोय करणे, हाच त्यावर उपाय. फेब्रुवारी २०२४ पासून तर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे जीमेलकडे धाडणाऱ्यांस गूगलने ह्या तिन्ही व्यवस्था आवश्यक केल्या आहेत.

तिन्ही ठिकाणी ‘पास’ असूनही पत्र अडले, तर कारण अन्यत्र शोधावे : मजकुरातील संशयास्पद दुवे, पूर्वीच्या ग्राहकांच्या तक्रारी, किंवा पाठविणाऱ्या संगणकाची बदनामी.

विद्यार्थी मित्रहो, एक भेद मात्र विसरू नका. ‘पास’ म्हणजे पत्र त्या घरातून निघाले एवढेच सिद्ध झाले. ते घर सज्जनाचे आहे, असे नव्हे. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून लबाड स्वतःचे नवे नाव नोंदवितो आणि तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतो. म्हणून पत्त्याचे अक्षर न् अक्षर वाचावे. महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असाल, तर स्पॅमची पेटी रोज उघडावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांना असे संशयास्पद पत्र आले, तर त्यांच्याजवळ बसून हा लखोटा त्यांना वाचून दाखवावा.