हदिया, त्याचे वेष्टन आणि उधळपट्टीची सीमा

एकमेकांना भेट देणे, म्हणजेच हदिया देणे, ही इस्लामी समाजजीवनातील एक सुंदर सुन्नत आहे. आपसात भेटींची देवाणघेवाण करा, त्यामुळे परस्परांविषयी प्रेम निर्माण होईल, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ह. आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) भेट स्वीकारीत असत आणि तिची परतफेडही करीत असत. सदक्याचे अन्न ते स्वतः खात नसत. हदिया मात्र आनंदाने घेत असत. सदका गरज भागवितो, तर हदिया मने जोडतो, हा यातील फरक आहे.

भेट किती मोठी असावी, याविषयीही मार्गदर्शन आहे. शेजारणीने शेजारणीला दिलेली भेट कोणीही तुच्छ लेखू नये, मग ती बकरीचा एक खूर का असेना, असे प्रेषित (स.) यांनी मुस्लिम स्त्रियांना उद्देशून सांगितले (बुखारी, मुस्लिम). बकरीच्या खुराला बाजारात किंमत ती काय? परंतु देणाऱ्याच्या मनातील आपुलकीमुळे त्याला मोल येते. हे ध्यानात ठेवून आपण आपल्या घरातील एका छोट्याशा बाबीकडे पाहू. ती बाब म्हणजे भेटीवरचे वेष्टन.

देण्याचा आनंद आणि दाखविण्याचा सोस

ईद, अकीका, निकाह, हज किंवा उमऱ्याहून परतणे, मुलाने कुरआनचे पठण पूर्ण करणे, अशा प्रसंगी आपल्याकडे भेटी दिल्या जातात. खजूर आणि जमजमचे पाणी वाटताना प्रत्येक घरासाठी चकचकीत डबी, त्यावर प्लास्टिकची फीत आणि वरून प्लास्टिकची पिशवी असते. निकाहाच्या बरीचे ताट सजविताना खाली थर्मोकोल, भोवती जाळीचे कापड, वर जिलेटीन पेपर आणि त्यावर चमकी असते. हे सारे मोजून तासभर टिकते आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जाते.

येथे प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. एका घराने सजविलेली ताटे पाहून दुसऱ्या घरावर तशीच सजावट करण्याचे दडपण येते. ज्या नातेवाइकाची ऐपत नाही, तो साध्या कागदात भेट न्यायला संकोचतो आणि कधी कधी समारंभालाच येण्याचे टाळतो. जी सुन्नत मने जोडण्यासाठी होती, तीच अशा रीतीने मने दुरावू लागते. लोकांना दाखविण्यासाठी खर्च करणाऱ्याची कमाई खडकावरील मातीप्रमाणे पावसाच्या एका सरीत वाहून जाते, असा दृष्टान्त कुरआनने दिला आहे (२:२६४). भेट देणाऱ्याने स्वतःला विचारावे : हे वेष्टन मी घेणाऱ्यासाठी करीत आहे की पाहणाऱ्यांसाठी?

इस्राफ आणि तबजीर

कुरआनने उधळपट्टीसाठी दोन शब्द वापरले आहेत. वैध बाबतीत मर्यादा ओलांडणे म्हणजे इस्राफ. खाणे, पिणे आणि शोभा वैध ठरवून त्याच आयतीत अतिरेक करू नका, असे बजावले आहे (७:३१). जेथे खर्च करण्याचे काहीच प्रयोजन नाही तेथे संपत्ती उधळणे म्हणजे तबजीर. अशा उधळ्यांना कुरआनने सैतानाचे बंधू म्हटले आहे (१७:२७). त्याच्या अगदी आधीच्या आयतीत नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे. ही जोडणी विचार करण्यासारखी आहे. जे व्यर्थ उधळले जाते, ते कोणाच्या तरी हक्कातून वजा झालेले असते.

भेट सुबक दिसावी म्हणून तिला आच्छादन घालणे वैध आहे. तीन-तीन थर चढविणे आणि लहान वस्तू मोठ्या खोक्यात घालून तिचा भपका वाढविणे हा इस्राफ होय. फेकण्यापलीकडे ज्याचा काही उपयोगच नाही, त्यावर पैसा घालविणे तबजीरच्या सीमेवर जाऊन पोहोचते.

वेष्टन शेवटी जाते कोठे?

चकाकणारा भेटकागद पुष्कळदा निव्वळ कागद नसतो. तो प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर देऊन बनविलेला असतो किंवा कागदावर प्लास्टिक चिकटविलेले असते. कागद गिरणीत त्याचा लगदा होत नाही, म्हणून रद्दीवालाही तो घेत नाही. ओळखण्याची सोपी रीत अशी : कागद मुठीत घट्ट चुरगाळून सोडावा. तो चुरगाळलेलाच राहिला तर बहुधा साधा कागद आहे; पुन्हा उलगडू लागला तर त्यात प्लास्टिक आहे. चिकटपट्टी हेही प्लास्टिकच, आणि चमकीचे कण तर इतके बारीक असतात की ते पाण्याबरोबर नाल्यात आणि पुढे समुद्रात जातात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुरात प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांनी संकट वाढविले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत तर मिठाईचे खोके आणि निमंत्रणपत्रिका यांवर गुंडाळला जाणारा प्लास्टिकचा पापुद्रा आणि सजावटीचे थर्मोकोल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपल्या समारंभांतील काही सजावट आता कायद्यानेही निषिद्ध आहे.

आपण टाकलेला कचरा कोणाच्या तरी हातांत जातो. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३ पासून काम करीत आहे. या व्यवसायात बहुसंख्येने गरीब स्त्रिया आहेत. स्वच्छ कागदाचे त्यांना पैसे मिळतात. चिकटपट्टी आणि चमकीने माखलेल्या वेष्टनाचे काहीच मिळत नाही, केवळ ओझे वाढते. वाटेवरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, अशी हदीस आपण मुलांना शिकवितो. मग वाटेवर आणि दुसऱ्याच्या माथी त्रास टाकणे ईमानशी कसे जुळेल? जमिनीवर व समुद्रात जो बिघाड माजला, तो माणसांच्या हातांची कमाई होय, असे कुरआन सांगतो (३०:४१).

वस्तू वाया न घालविण्याची सुन्नत

ह. मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदक्यात मिळालेली बकरी मेली होती. ती पडलेली पाहून, तिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही, असे प्रेषित (स.) यांनी विचारले. ती मेलेली आहे, असे लोकांनी सांगितले, तेव्हा केवळ तिचे खाणे निषिद्ध आहे, असा खुलासा त्यांनी केला (बुखारी, मुस्लिम). प्रेषित (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधीत आणि कपड्यांना टाके घालीत. एका ‘मुद्द’मध्ये, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढ्या मापाच्या पाण्यात, ते वुजू करीत. उपयुक्त वस्तू फेकायची नाही, हा धडा या साऱ्यातून मिळतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरांतही हा धडा जिवंत होता. ईदच्या दिवशी शेजारी शिरखुर्मा पाठविताना ताटावर हाताने विणलेला खानपोश असे. खानपोश आणि भांडे परत येई, आणि भांडे रिकामे परत न पाठविण्याची रीतही पाळली जाई. कुरआनची प्रत कापडी जुजदानात ठेवून दिली जाई. ते जुजदान वर्षानुवर्षे टिके. आच्छादन हाही भेटीचाच एक भाग होता.

घरी काय करता येईल?

१. कापडात बांधावे. चौकोनी रुमाल, ओढणी किंवा शिवणातून उरलेले कापड घ्यावे. त्याचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट असावा. २० सेंटिमीटर लांबीच्या पुस्तकाला ४२-४३ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. वस्तू मध्यभागी तिरपी ठेवून समोरासमोरची दोन टोके तिच्यावर दुमडावीत आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारावी. चिकटपट्टी लागतच नाही.

२. खाकी कागद आणि सुती दोरा वापरावा. शोभेसाठी मोगऱ्याची कळी किंवा मरव्याची काडी खोवावी.

३. खजूर व मिठाईसाठी बांबूची टोपली, काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा द्यावा. तो डबा घरात कामी येतो. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. छपाईची शाई आरोग्यास घातक असल्याने अन्नसुरक्षा नियमांनी त्यास मनाई केली आहे.

४. आलेल्या भेटीचा कागद फाडू नये. सोडवून, घडी घालून ठेवावा व पुन्हा वापरावा.

५. ज्याला वेष्टनच लागत नाही, अशी भेट द्यावी. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणूस, पशू वा पक्षी खातो तेव्हा लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते (बुखारी, मुस्लिम). घरी वाढविलेले लिंबाचे वा डाळिंबाचे रोप यापेक्षा उत्तम भेट कोणती?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बिस्मिल्लाह, आयत किंवा अल्लाहचे नाव छापलेली वेष्टने, इफ्तारची खोकी व पत्रिका शेवटी पायदळी येतात. अशी छपाई करूच नये. जुनी दिनदर्शिका वा वर्तमानपत्र वेष्टनासाठी घेताना त्यावर असा मजकूर नाही, याची खात्री करून घ्यावी.

हा कंजूषपणा नव्हे काय?

काही जणांना वाटेल की, साधे वेष्टन म्हणजे कद्रूपणा. कुरआनने परमकृपाळूच्या दासांचे लक्षण सांगितले आहे की ते खर्च करताना ना उधळपट्टी करतात, ना कंजूषपणा. त्यांचा मार्ग मधला असतो (२५:६७). अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, हीही हदीस आहे. स्वच्छ धुतलेल्या, इस्त्री केलेल्या रुमालाची नेटकी गाठ सुंदरच दिसते. वेष्टनातून वाचलेले पैसे भेटीतच घालावेत किंवा एखाद्या गरीब घरी ईदच्या आधी पोहोचवावेत. मग कंजूषपणाची शंका उरणार नाही.

बदल करताना मात्र दुसऱ्याचे मन दुखवू नये. कोणी चकचकीत कागदात भेट आणली तर तिच्यावर टीका न करता प्रेमाने स्वीकारावी व आभार मानावेत. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही. सुधारणा आपल्या हातून जाणाऱ्या भेटीपासून सुरू करावी.

कुटुंबात चर्चेसाठी

• गेल्या ईदला आपल्या घरातून किती वेष्टन कचऱ्यात गेले? त्यातील कशाविना चालले असते?

• इस्राफ आणि तबजीर यांतील फरक मुलांना आपल्या घरातील उदाहरणांनी समजावून सांगा.

• ह. आयेशा (रजि.) यांनी विचारले होते की, दोन शेजाऱ्यांपैकी भेट आधी कोणाला द्यावी. ज्याचे दार अधिक जवळ आहे त्याला, असे उत्तर मिळाले. आपल्या सर्वांत जवळच्या दारी आपण शेवटची भेट केव्हा दिली?

संपत्ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली, हा प्रश्न कयामतच्या दिवशी प्रत्येकाला विचारला जाणार आहे. अल्लाह आपल्या भेटींमध्ये प्रेम आणि खर्चामध्ये मध्यममार्ग प्रदान करो. आमीन.