नेटमध्ये जमतं, सामन्यात का नाही?

प्रश्न : माझी 12 वर्षांची मुलगी नेटमध्ये सुरेख फलंदाजी करते, सामन्यात मात्र गडबडते. सराव वाढवू का?

उत्तर : वाढवू नका, जरा विस्कटा. ओळीने 50 कव्हर ड्राइव्ह मारताना तिला काही आठवावंच लागत नाही. मागचाच फटका पुन्हा निघतो. चेंडूगणिक टप्पा आणि वेग बदलला, की दर वेळी चेंडू ओळखणं, फटका निवडणं आलं. त्या दिवशी चुका वाढतील, वाढू द्या. हाताच्या हालचालींवरच्या शे आणि मॉर्गन यांच्या 1979 मधल्या प्रयोगात असा मिसळलेला सराव आधी जड गेला, पण जास्त टिकला.

आणि जाळीबाहेरून ‘कोपर वर, डोकं स्थिर, पाय पुढे’ हा भडिमार थांबवा. चालू स्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्यात चेंडूलाही जागा हवी ना! एकच सूचना, तीही षटक संपल्यावर.