टूथपेस्ट निवडताना : ट्यूबमागचे बारीक अक्षर आणि रात्रीची दोन मिनिटे

हिरड्यांतून रक्त येण्याविषयी याच सदरात मागे लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा शेवट एकाच प्रश्नाने झाला होता : ‘मग पेस्ट कोणती वापरावी?’ काहींनी तर तीन-चार नावे लिहून, त्यांतील योग्य नावावर खूण करून कळवा, असे सुचवले आहे. दवाखान्यातही रोज हेच. दाढेची कळ थांबली की चपला घालता घालता रुग्ण हा प्रश्न विचारतो. म्हणून आजचा लेख पेस्टवर. नाव मात्र मी एकही सांगणार नाही, आणि त्याची गरज का नाही तेही लेख वाचताना ध्यानात येईल.

आधी दात किडतो कसा ते पाहू. दातात अळी पडते, असा समज अजून पुष्कळ आहे. जत्रेत बसून दातातून अळ्या काढून दाखवणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. दातात अळी नसते. ती त्या माणसाच्या बोटांत असते. आपल्या तोंडात जिवाणू असतात आणि दातांवर चिकट थर करून राहतात. साखर, गूळ, बिस्किटे, चहा असे गोड काही तोंडात गेले की हे जिवाणू त्याचे आम्ल करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या टणक कवचातील क्षार विरघळवते. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात लाळ त्या आम्लाचा जोर मोडते आणि गेलेले क्षार थोडे थोडे परत बसवते. असा हा जमाखर्च दिवसभर चालू असतो. खर्च वाढत गेला आणि जमा कमी पडली की दातात खड्डा होतो. म्हणूनच एकदा जेवणाबरोबर लाडू खाणाऱ्यापेक्षा दिवसातून आठ वेळा गोड चहा घेणाऱ्याचे दात लवकर किडतात.

या जमाखर्चात जमेची बाजू वाढवणारी पेस्टमधली वस्तू म्हणजे फ्लोराइड. ते क्षार परत बसायला मदत करते आणि नव्याने बसलेला थर आम्लाला सहज दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, ती याच कारणासाठी. बाकी पेस्टमध्ये जे असते ते म्हणजे घासायला चुनखडीची किंवा सिलिकाची बारीक पूड, फेसासाठी साबणाच्या जातीचा पदार्थ, गोडवा, सुगंध आणि रंग. त्यांवरच कंपन्यांच्या जाहिराती चालतात.

तेव्हा दुकानात ट्यूब हातात घेतली की पुढचे चित्र न बघता ती उलटी करावी. मागे बारीक अक्षरांत सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराइड असे नाव आणि जवळच पीपीएमचा आकडा असतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. आपल्या देशात हा आकडा १००० च्या वर नसावा आणि तो छापलेला असावा, असा नियम आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. ट्यूबवर १००० च्या आसपास आकडा असला आणि वापरण्याची मुदत उलटलेली नसली, की ती पेस्ट घरातल्या मोठ्यांना चालेल. दहा-वीस रुपयांच्या लहान ट्यूबमध्येही हाच आकडा सापडतो आणि दीडशे रुपयांच्या ट्यूबमध्येही. आखातातून आलेल्या पाहुण्याने आणलेल्या पेस्टवर १४५० असेल तर घाबरू नये. तिकडचा नियम वेगळा आहे.

ट्यूबच्या शेपटाकडे हिरवी, लाल किंवा काळी चौकोनी खूण असते. हिरवी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे निव्वळ रसायन, असे एका वाचकांनी ऐकले आहे. तसे काही नाही. ट्यूब कोठे कापायची आणि दाबायची हे यंत्राला कळावे म्हणून ती खूण असते. त्याचप्रमाणे फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हेही खरे नाही. झिणझिण्या आणणारा थंडावा तर निव्वळ पुदिन्याच्या अर्काचा.

आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टबद्दल विचारणा झाली आहे. लवंग, बाभूळ, कडुनिंब यांना मी नावे ठेवणार नाही. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होतो हे आम्ही दंतवैद्यही जाणतो. पण ही द्रव्ये फ्लोराइडची जागा घेत नाहीत, आणि अशा पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. नियम तोच, ट्यूब उलटी करून पाहावी. कडुनिंबाच्या काडीचेही तसेच. नीट चावून मऊ कुंचा केला तर दर्शनी दात चांगले निघतात, मात्र दाढांची आतली बाजू बहुधा राहून जाते. ज्यांना काडीची आवड आहे त्यांनी सकाळी काडी वापरावी, रात्री पेस्ट.

राखुंडी, मीठ, कोळसा, विटेची पूड आणि बोटाने जोर लावून घासायची खरखरीत मंजने मात्र सोडावीत. तांबड्या मंजनांपैकी काहींत गेरू असतो. यांनी दात काही दिवस पांढरे दिसतात, पण तो पांढरेपणा कवच झिजून आलेला असतो. पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या हिरडीलगत दाताला खाच पडलेली आणि गार पाण्याने कळ येणारी अशी तोंडे मी आठवड्याला दोन-तीन तरी पाहतो. दात शिवशिवत असतील तर त्यासाठी वेगळ्या पेस्ट मिळतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मात्र एकाच दाताला कळ येत असेल तर पेस्ट बदलत बसू नये, तो दात दाखवावा.

आता प्रमाण. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट दाखवतात. ती पेस्ट खपावी म्हणून. मोठ्यांना वाटाण्यापेक्षा थोडी जास्त पुरते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी, आणि ट्यूब मुलाच्या हाती देऊ नये, कारण गोड लागते म्हणून मुले पेस्ट चाटून खातात. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत पेस्टमध्ये काही वेळा फ्लोराइड निम्मेच असते, काही वेळा अजिबात नसते. पैसे त्यात घालण्यापेक्षा घरातलीच पेस्ट दाण्याएवढी लावलेली बरी.

ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा असावा. तीन महिन्यांनी, किंवा त्याआधीच त्याचे केस फिसकटले तर तेव्हा, बदलावा. ब्रश पेनासारखा धरला की जोर आपोआप कमी पडतो. हिरडी आणि दात जेथे मिळतात तेथे तो तिरपा टेकवून लहान लहान वर्तुळात फिरवावा. दोन मिनिटे पुरे. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा आणि थांबावे. आपण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरतो आणि दातावर राहायला हवे ते फ्लोराइड मोरीत जाते. चूळ भरल्यावाचून चैनच पडत नसेल तर एका लहानशा घोटावर भागवावे.

सकाळचे दात घासणे कोणी चुकवत नाही. रात्रीचे मात्र बहुतेक घरांत होतच नाही. वास्तविक दोन्हींत महत्त्वाचे रात्रीचे. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणजे वर सांगितलेल्या जमाखर्चात जमा जवळजवळ बंद होते. अशा वेळी दातांत अन्न अडकलेले असेल तर जिवाणूंना सात-आठ तास मोकळे रान मिळते. लहान मुलांना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवतात, त्यांचे वरचे पुढचे चार दात दोन-अडीच वर्षांतच काळे पडून झिजतात, ते यामुळेच.

मुलांना रात्री घासायला लावायचे तर सांगून उपयोग होत नाही. ज्या घरात वडील जेवून तंबाखू मळत टीव्हीसमोर बसतात, तेथे मुलगा ब्रश हातात घेईल कसा? जेवणे झाल्यावर सर्वांनी एकाच वेळी मोरीवर जावे, आधी मोठ्यांनी. शिवाय सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तेवढी सफाई नसते. त्याला घासू द्यावे, पण नंतर आईने किंवा वडिलांनी एकदा स्वतः फिरवावा. मुलाला आपल्याकडे पाठ करून उभे करावे, डोके आपल्या पोटाशी टेकवावे आणि वरून तोंडात पाहावे. सगळ्या दाढा दिसतात.

हे इतके आग्रहाने लिहिण्याचे कारण एक विशिष्ट दाढ आहे. मुलाला सहावे वर्ष लागले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना, एकूण चार नव्या दाढा येतात. त्या येताना दुधाचा एकही दात पडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. या दाढा कायमच्या असतात. त्यांच्यावर माणसाला जन्मभर चावायचे असते. पूर्ण वर यायला त्यांना वर्षभर लागू शकते. तोवर त्या शेजारच्या दाढांपेक्षा खाली असतात आणि ब्रश त्यांच्यावरून निसटून जातो. वरच्या भागावरच्या चिरा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही आत जात नाही. त्यात बिस्किटाचा लगदा भरतो आणि आठव्या-नवव्या वर्षी खड्डा दिसू लागतो.

मग आई-वडील मुलाला घेऊन येतात. ‘डॉक्टर, दुधाचीच दाढ आहे, काढून टाका, दुसरी येईल.’ मी म्हणतो, ‘ताई, पुढच्या मधल्या दातापासून एका बाजूचे दात मोजा. पाच दुधाचे. ही सहावी आहे. ही गेली की दुसरी यायची नाही.’ त्यांचा चेहरा उतरतो. खड्डा लहान असेल तर भरून दाढ वाचते. खोल गेला असेल तर खर्च वाढतो, आणि तो न परवडल्याने नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या अशा दाढा काढाव्या लागतात. तुमच्या घरात पाच ते नऊ वर्षांचे मूल असेल तर आज रात्री दिव्याखाली त्याचे तोंड उघडून सहावी दाढ आली आहे का पाहा. आलेली असेल तर ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ती वेगळी घासा. तिच्या चिरा औषधी लेप लावून बुजवताही येतात. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत याची चौकशी करावी.

काही वाचक विचारतात, फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी होतात ना? होतात, पण ते मुख्यतः पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असे पाणी प्यायले तर डाग पडतात. ते घासून जात नाहीत. उकळून फ्लोराइड कमी होत नाही. पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. अशा गावांत लहान मुलांची पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवावी आणि मूल ती गिळत नाही ना यावर नजर ठेवावी.

शेवटी मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून कुटलेली ही पूड आपल्याकडे असंख्य घरांत, विशेषतः बायका, दात घासण्याच्या नावाखाली लावतात. सकाळी एकदा म्हणून सुरू होते, मग दुपारी, मग दळण निवडताना. पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. हिरडी बधिर होते म्हणून बरे वाटते, एवढेच. तोंडाचा कर्करोग आणि गरोदर बाईच्या बाळाचे कमी वजन यांच्याशी तिचा संबंध आहे. नातवाचा दात दुखला की आजी चिमूटभर त्यालाही लावते. त्या लेकराला तंबाखूची पहिली चव अशी आपल्याच माणसाच्या हातून मिळते.

सासूबाईंना ‘सोडा’ म्हणून सुटणार नाही, तलफ असते. दिवसातल्या वेळा मोजाव्यात, एकेक कमी करावी, त्या वेळी बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. आणि गालाच्या आत किंवा ओठामागे पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, अथवा तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावे, दुखत नसले तरी.