अत्याचाराची जखम आणि अन्नाशी बिघडलेले नाते

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि परिसरात कामगारवस्त्या वाढत गेल्या. खुर्सीपार ही त्यांपैकीच एक. अशा वस्तीत एखादी मुलगी खंगू लागली, की दारिद्र्य, रक्तक्षय किंवा पोटाचा विकार हीच कारणे गृहीत धरली जातात. त्यांची तपासणी आवश्यकच आहे. परंतु घरात अन्न असूनही ती जेवण टाळत असेल, किंवा गुपचूप अतोनात खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, तर कारण मनाच्या जखमेतही असू शकते.

लैंगिक अत्याचार आणि खाण्याचे विकार यांचा संबंध संशोधनाने दाखवून दिला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, अत्याचाराचा पूर्वेतिहास असलेल्यांमध्ये नैराश्य व चिंताविकारांबरोबर खाण्याचे विकारही अधिक आढळले. अर्थात, प्रत्येक पीडितेला असा विकार होत नाही आणि अशा प्रत्येक रुग्णेवर अत्याचार झालेला असतो, असेही नाही.

अत्याचारात स्वतःच्या शरीरावरील अधिकार हिरावला जातो. उपाशी राहून तो परत मिळाल्याचा भास होतो. काहींना शरीराचीच लाज वाटू लागते. अतिभक्षणाने वेदना क्षणभर बधिर होते. नंतर अपराधी भावना दाटते आणि उलटीचे चक्र सुरू होते. वारंवार उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ‘नखरे’ म्हणून याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात, १३ राज्यांतील १२,४४७ बालकांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी लैंगिक शोषणाचा अनुभव सांगितला. बहुतेकांनी त्याची वाच्यता कोठेही केली नव्हती.

हे मौन तोडण्यात छत्तीसगडमध्ये २००२ पासून घरोघरी पोहोचलेल्या ‘मितानिन’ आरोग्य कार्यकर्त्या मोलाची भूमिका बजावू शकतात. त्यांनी एकांतात, दोष न देता विचारपूस करावी. बळजबरीने खाऊ घालू नये. मुलगी अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. म्हणून गुप्ततेचे खोटे वचन देऊ नये. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत. आहाराचा सल्ला आणि मानसोपचार एकत्र मिळाले, तरच उपचार पूर्ण होतात.