माळवदाची भिंत गुहागरात चालेल का?

प्रश्न : आमचं घर अजिंठ्यातलं, आजोबांच्या काळचं, माळवदाचं. दगडी भिंती चांगल्या दीड फुटी. मे महिन्यातही दुपारी निवांत झोप लागते. लेण्यांतही तसाच गारवा. आता मुलाच्या नोकरीमुळे गुहागरजवळ समुद्राच्या बाजूला जागा घेतली आहे. तिथेही जाड भिंती आणि लहान खिडक्या ठेवू म्हटलं, तर तिथले गवंडी हसले. असं का?
– एक वाचक, अजिंठा (ता. सिल्लोड)

उत्तर : हसायला नको होतं, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या घराला गारवा मिळतो तो अजिंठ्याच्या रात्रीकडून. दीड फुटी दगडी भिंतीतून दुपारचं ऊन आत झिरपायला साधारण दहा तास लागतात. तोवर मध्यरात्र होते, बाहेर गार वारा सुटलेला असतो, माणसं माळवदावर नाहीतर अंगणात पथारी टाकतात. दुपारी चाळिशी गाठणारा पारा पहाटे पंचविशीपर्यंत उतरतो आणि भिंत पुन्हा निवते. लेण्यांत तर पाठीशी अख्खा डोंगर. काळ्या पाषाणात मीटरभर आत दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचतच नाही.

गुहागरला ही रात्रच नाही. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो; त्यामुळे मे महिन्यात दुपारी ३३ अंश आणि पहाटेही २६च्या आसपास. भिंतीला निवायला सवडच मिळत नाही. दुपारची धग ती ऐन झोपेच्या वेळी खोलीत सोडणार. वर हवेत दमटपणा, घाम वाळत नाही. तिथे अंगावरून वाहणारा वारा हाच इलाज, आणि लहान खिडकी नेमका तोच अडवते. शिवाय तुमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे ३,०००च्या वर. कोंदट घरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

म्हणून कोकणी घर वाऱ्याच्या वाटेवर बसवतात. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. दोन्ही बाजूंना दारासमोर दार, खिडकीसमोर खिडकी हवी. समुद्र पश्चिमेला, उतरतं ऊनही तिकडूनच. त्यावर तोड म्हणजे पडवी: सहा-आठ फूट रुंद, पाखं खाली ओढलेली. ऊन अडतं, वारा आत येतो. पावसाचा मारा अडवायला पूर्वी झावळ्यांचे झाप बांधत. पडवी भिंतीलाही राखते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण पाणी पितोच.

छप्पर कौलारू असावं. कौल लवकर तापतं, लवकर निवतं, फटींतून गरम हवा निघून जाते. हल्ली मात्र सगळ्यांना स्लॅबच हवा असतो. घालायचाच असेल तर त्यावर हवा खेळेल इतकी जागा सोडून कौलं चढवा; उघडा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग ओकत राहतो. छप्पर वादळापासूनही जपावं लागतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत हजारो घरांची कौलं-पत्रे उडाले. म्हणून वासे भिंतीवरच्या तुळईला गंज न धरणाऱ्या पट्ट्यांनी जखडा. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा. ते उडालं तरी घर उघडं पडत नाही.

खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. किनाऱ्यावर सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीट हवं. साइटवर याला ‘कव्हर’ म्हणतात. ठेकेदार इथेच हात आखडता घेतो, तेव्हा ओतण्याआधी स्वतः टेप लावून बघा. मचूळ पाणी आणि पुळणीतली वाळू बांधकामाला नकोच.

तुमच्या घरातला झरोका मात्र न्या. आढ्याजवळ ठेवलात तर कोंडलेली गरम हवा तिथेही बाहेर जाईल.

आणि नकाशा काढण्याआधी सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम तपासा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम लागतात. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत, दाट वस्तीच्या ठिकाणी ५० मीटरांत, नवं घर बांधता येत नाही. जागा त्या पट्ट्यात निघाली, तर भिंतीची जाडी ठरवण्यात अर्थ नाही.