दर वेळी नवी ओळ? आधी रॅम तपासा

प्रश्न : तुमसरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, पण अधूनमधून 'कर्नल पॅनिक' येऊन सगळं गोठतं. फॉरमॅट मारू का?
– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : नको, पुरावाच पुसला जाईल. पडदा गोठला की मोबाइलवर फोटो काढा आणि तीन-चार वेळचे फोटो शेजारी ठेवून बघा. 'आरआयपी'ने सुरू होणाऱ्या ओळीत प्रोसेसर कोणत्या फंक्शनमध्ये अडकला ते असतं. प्रत्येक फोटोत तेच फंक्शन असेल तर संशय ड्रायव्हरवर. त्यातही मेमरीचा पत्ता ००००००१८ असा शून्याला चिकटलेला दिसला, तर रिकाम्या पॉइंटरमधून काही वाचायचा प्रयत्न झाला, असं बहुतेक वेळा समजावं. मग जुन्या कर्नलवर बूट करून बघा.

दर वेळी फंक्शन वेगळं असेल तर कोडच्या मागे लागू नका. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवा; एकही चूक दिसली तर रॅमची पट्टी बदला. आपल्याकडच्या मे महिन्यात पंख्यातली धूळ आणि दमलेला पॉवर सप्लायही असाच खेळ करतात, दुकानदार मात्र व्हायरसला शिव्या घालतो!

पडदा नुसताच काळा होत असेल तर 'केडम्प' चालू करा. २००५ पासून लिनक्समध्ये ही सोय आहे: राखीव मेमरीत दुसरा छोटा कर्नल तयार असतो, पहिला कोसळला की तो उठून मेमरीची नक्कल डिस्कवर उतरवतो. रॅम फारच कमी असेल तर मात्र ही चैन परवडणार नाही.