अचूक कापासाठी 'मल्टी टूल' : निवड कशी करावी?

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ टापूत वांगणीसारखी गावे आहेत. भाताची कापणी उरकली की या टापूतील अनेक कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर पडतात. अशा वेळी सुतारकाम, नळकाम वा वीजजोडणीचे कसब हाती असेल, तर मजुराचा कारागीर होतो. मात्र त्यासाठी घेतलेले हत्यार कामाचे न निघाल्यास कित्येक दिवसांची मजुरी वाया जाते. म्हणून 'मल्टी टूल' घेण्यापूर्वी त्याचे तंत्र समजून घेणे अगत्याचे आहे.

या यंत्राचे पाते गोल फिरत नाही. ते तीन-चार अंशांच्या आत, मिनिटाला सुमारे १० ते २० हजार वेळा डावीकडे-उजवीकडे हलते. मोडलेल्या हाताचे प्लास्टर कापणारी रुग्णालयातील करवत याच तत्त्वावर चालते. जर्मनीतील फाइन कंपनीने १९६७ मध्ये अशी करवत तयार केली व पुढे हेच तंत्र कारागिरांच्या हाती आले. तथापि कारागिराच्या यंत्राचे दातेरी पाते बोट कापू शकते, हे विसरू नये.

जुन्या फरशीवर नवी टाइल बसविताना चौकटीचा पाय टाइलच्या जाडीइतकाच कापावा लागतो. भिंतीलगतचा प्लास्टिकचा पाइप छाटणे, प्लायवुडमध्ये स्विच-बोर्डासाठी चौकोन काढणे, ही कामेही तशीच. तेथे ग्राइंडर शिरत नाही आणि पटाशीने वेळ फार जातो. मात्र लांब फळ्या चिरणे हे या यंत्राचे काम नव्हे.

निवडताना प्रथम पात्याचा विचार करावा. साध्या लाकडास व प्लास्टिकला पोलादी पाते पुरते. खिळे असलेल्या लाकडास द्विधातू पाते लागते. कठीण स्क्रूसाठी कार्बाइडच्या दात्यांचे आणि टाइलच्या सांध्यांसाठी कार्बाइडच्या किंवा हिऱ्याच्या कणांचे पाते घ्यावे. पात्याची खोबण यंत्राशी जुळते काय, हे दुकानातच बसवून पाहावे. २०१६ मध्ये आलेल्या 'स्टारलॉक' पद्धतीच्या यंत्रावर जुनी सपाट पाती बसत नाहीत. पाती झिजतात, म्हणून यंत्राच्या किमतीबरोबर पात्यांची किंमत व जवळच्या बाजारातील उपलब्धताही विचारावी.

दुसरी बाब वेगाची. धातूला कमी व लाकडाला अधिक वेग लागतो. सबब वेग बदलता येणारे यंत्रच घ्यावे. वीज नसलेल्या बांधकामावर बॅटरीचे यंत्र सोयीचे. परंतु त्याची बॅटरी आपल्या ड्रिललाही चालावी. वीज हमखास असेल तेथे वायरचे यंत्र स्वस्त पडते.

वापरताना यंत्र दाबू नये. पाते हलकेच पुढे-मागे सरकवावे. दाब वाढला की पाते तापते व दाते बोथट होतात. भिंत कापण्यापूर्वी आतील वायरींचा वीजप्रवाह बंद करावा. चष्मा व धूळरोधक मास्क वापरावा.

शक्य असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांचा किंवा अनुभवी मिस्त्रीचा सल्ला घ्यावा, यंत्र स्वतः चालवून पाहावे आणि पक्की पावती मागून घ्यावी. आपले काम ओळखून घेतलेले हत्यारच कारागिराला पैसा परत मिळवून देते.